ट्रेसी चॅपमनचा पहिला अल्बम ऐकलाय का? इथे बोलूया

रानवारा (धागाकर्ती)

अमेरिकन गायिका ट्रेसी चॅपमनच्या पहिल्या अल्बमवर मराठीत नीट गप्पा झालेल्या मला कुठे दिसल्या नाहीत म्हणून हा धागा काढतेय. अल्बमचं नावही 'ट्रेसी चॅपमन'च. ५ एप्रिल १९८८ ला आला, अकरा गाणी, सगळी तिने एकटीने लिहिलेली, आणि तेव्हा ती जेमतेम चोवीस वर्षांची होती. 'फास्ट कार' बऱ्याच जणांना माहीत असतं, २०२३ मध्ये कंट्री गायक ल्यूक कोम्ब्सने गायल्यापासून तर रीलमधूनसुद्धा कानावर पडतं. पण अख्खा अल्बम सलग ऐकलेली माणसं कमी भेटतात, आणि सगळा मिळून छत्तीस-सदतीस मिनिटांचा तर आहे.

सगळे म्हणतात फार इमोशनल अल्बम आहे, ऐकताना रडू येतं. येतंच, मलाही येतं. पण नीट ऐकलंत तर लक्षात येईल की ती स्वतः कुठेच रडत नाही. आवाज फोडत नाही, कुणाकडे दया मागत नाही, काय झालं ते सांगते आणि थांबते. 'फास्ट कार'मधली मुलगी बघा, बाप दारू पितो, आई कंटाळून निघून गेली, मग त्याच्याकडे बघायला कुणीतरी हवं म्हणून हिने शाळा सोडली, आणि हे सगळं ती इतक्या सरळ सांगते की जणू पत्ता सांगतेय. मग शहरात येते, सुपरमार्केटच्या काउंटरवर नोकरी धरते, ज्याच्या गाडीत बसून पळून आली त्याला काही नोकरी लागत नाही, आणि शेवटी तोही बारमध्ये मित्रांबरोबर जास्त आणि पोरांजवळ कमी. म्हणजे ज्या घरातून पळाली तेच घर परत उभं राहिलं. सुरुवातीला निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो, शेवटी ती त्याला सांगते की आता तू ठरव, गाडी घे आणि जा. एवढं सगळं पाच मिनिटांच्या आत, आणि कुठेही 'बघा माझी काय अवस्था झाली' असा सूर नाही. म्हणून मला हा अल्बम दुःखी म्हणवत नाही. हिशोब चोख मांडलाय आणि हुंदका आपल्यासाठी सोडलाय.

तुम्ही कधी ऐकलात, कसा पोचला तुमच्यापर्यंत, कुठल्या गाण्यापाशी थांबलात, लिहा. भाषा समजली नाही तरी आवाज कसा वाटला तेही लिहा.

जुनी_कॅसेट

वा, धागा बघून फार बरं वाटलं. मी तिला प्रत्यक्ष ऐकलंय आणि तेही भारतात, बऱ्याच जणांना माहीत नसतं की ती त्याच वर्षी दिल्लीत गाऊन गेलीय. ३० सप्टेंबर १९८८, जवाहरलाल नेहरू स्टेडियम. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलची जगभर टूर चालू होती, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला चाळीस वर्षं झाली त्यानिमित्त. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, सेनेगलचा यूसू एन्डूर आणि ही. मी तेव्हा दिल्लीत शिकत होतो, हॉस्टेलची आमची गँग गेली होती ती स्टिंग आणि स्प्रिंगस्टीनसाठी. हिचं नाव आमच्यातल्या एकालाच माहीत होतं.

एवढ्या मोठ्या स्टेडियमवर एक मुलगी गिटार घेऊन येते, मागे बँड नाही, लाइट नाचत नाहीत, कपडे साधे. आजूबाजूला आधी गोंगाट चालूच होता, लोक खायला काय मिळतंय बघत होते. हळूहळू पुढच्या रांगा शांत झाल्या, मग आमच्यापर्यंत शांतता आली. इंग्रजी गाण्यातले शब्द मला तेव्हा पटकन कळायचे नाहीत पण हिचे कळले, प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ. पुढे मुंबईला आल्यावर काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून कॅसेट घेतली, ती अजून आहे, ए साइड तर इतकी वाजलीय की आवाज भुरकट झालाय. बी साइड बऱ्यापैकी शाबूत आहे, ह्यावरून काय ते समजा.

सहा_तारा

मस्त धागा. मी गिटार शिकवतो, त्यामुळे थोडं वाजवण्याच्या बाजूने लिहितो.

'फास्ट कार'ची ती रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारा छोटा तुकडा, शिकायला प्रत्येक बॅचमधलं कुणी ना कुणी येतंच. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा आणि सी मेजर सेव्हन, जी, ई मायनर, डी असे कॉर्डचे आकार धरायचे, एवढंच आहे, आणि तेच शेवटपर्यंत गोल फिरत राहतं. पोरं दोन दिवसांत बोटं बसवतात आणि मग म्हणतात सर आलं. वाजवायला येतं पण तसं वाजत नाही, कारण तिच्या हातात एक घाई नसलेली लय आहे, तार छेडली की ती वाजू देते, पुढच्या सुरावर उडी मारत नाही. आणि मुख्य म्हणजे कोरस, म्हणजे ध्रुवपद, किती उशिरा येतो बघा. कडव्यामागून कडवी, फक्त गिटार आणि आवाज, ऐकणारा वाट बघून थकतो, आणि मग ड्रम्स येतात तेव्हा खरंच गाडीने वेग घेतल्यासारखं होतं. गाडीत बसलो होतो, शहराचे दिवे समोर होते, तुझा हात माझ्या खांद्यावर होता, हा अख्ख्या गाण्यातला एकच सुखाचा क्षण आहे आणि तोही आठवणीतला. कोरस संपला की परत तीच गोल फिरणारी रिफ. त्या मुलीचं आयुष्य जसं फिरून जागेवर येतं तसंच गिटार येते, मला ही रचना म्हणूनच थोर वाटते.

प्रोड्यूसर डेव्हिड कर्शेनबॉमचंही कौतुक करायला हवं. १९८८ म्हणजे सिंथेसायझर आणि दणदणीत इको दिलेल्या ड्रम्सचा काळ. त्या माणसाने हात आखडता घेतला आणि आवाजाला जागा दिली. म्हणून अल्बम आज ऐकला तरी जुना वाटत नाही.

तिसरी_घंटा

जुना वाटत नाही ह्याला अर्धीच सहमती. ए साइडबद्दल वादच नाही. 'टॉकिन बाउट अ रेव्होल्यूशन', 'फास्ट कार', 'अक्रॉस द लाइन्स', 'बिहाइंड द वॉल', 'बेबी कॅन आय होल्ड यू', ही पाच गाणी ह्याच क्रमाने लागोपाठ, असं पहिल्याच अल्बमात कुणी केलेलं मला तरी आठवत नाही. पण बी साइडला 'माउंटन्स ओ थिंग्ज'मधली वाद्यं आणि 'शीज गॉट हर टिकेट'चा रेगे ठेका मला त्या काळाचा शिक्का मारल्यासारखा वाटतो. 'व्हाय?' तर सरळ सवालांची यादी आहे, जगात भुकेली माणसं का आहेत वगैरे. जी बाई 'फास्ट कार'मध्ये एक अक्षर जास्त बोलत नाही ती इथे फळ्यावर लिहून दाखवते. चांगला हेतू आहे पण गाणं म्हणून मला हलकं वाटतं.

रानवारा

@तिसरी_घंटा, 'व्हाय?'बद्दल तुझं म्हणणं समजतं, तरी पटत नाही. ही गाणी तिने विशी-बाविशीत आणि काही तर त्याच्याही आधी लिहिली आहेत. त्या वयात माणूस असेच प्रश्न विचारतो आणि विचारायलाच हवेत. तो रोखठोकपणा काढून टाकला असता तर अल्बम जास्त घोटीव झाला असता पण मग तो तिचा राहिला नसता. आणि 'माउंटन्स ओ थिंग्ज' पुन्हा ऐक ना, गरीब मुलगी श्रीमंतीचं स्वप्न बघतेय आणि त्या स्वप्नात ती स्वतःच इतरांना राबवून घेणारी होते. स्वप्न पण तिला निर्मळ मिळत नाही. हे लिहायला फार धीटपणा लागतो.

@जुनी_कॅसेट काका, दिल्लीचं वाचून अंगावर काटा आला. अजून आठवत असेल ते लिहा प्लीज.

गिरणगावची

मी इथे वाचते जास्त, लिहीत नाही फारसं. पण ह्या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते, आणि तो कधी रीतसर संपलाच नाही. वडील परत कामावर गेले नाहीत. आधी रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, गेटवर जाऊन बसायचे, मग डबा न्यायचं बंद झालं, मग संध्याकाळचं पिणं सुरू झालं. मी कॉलेज अर्धवट सोडून दुकानात लागले, बिलं फाडायला. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही, घरात दुसरं कोण होतं करायला, एवढंच.

हे गाणं मला खूप नंतर माझ्या मुलीने ऐकवलं, आणि ती ओळ ओळ सांगत होती मराठीत. शाळा सोडल्याची ओळ आली तेव्हा मी तिला म्हटलं थांबव. आवडलं नाही म्हणून नाही. कुठे ते अमेरिकेतलं शहर आणि कुठे आमची चाळ, पण ती मुलगी बापाला शिवी देत नाही हे मला फार जवळचं वाटलं. म्हणते त्याचं शरीर कामाला फार थकलंय आणि अजून वय झालेलं दिसत नाही. माझ्या वडिलांना मी हेच म्हटलं असतं, मला शब्द सापडले नव्हते.

तेव्हा रानवारा, तुमचं बरोबर आहे, ती रडत नाही. आम्हीही रडलो नाही, वेळच नव्हता.

अबोली७

@गिरणगावची ताई, तुम्ही लिहीत जा हो. तुमचं वाचून झाल्यावर मी गाणं परत लावलं आणि आता ते मला वेगळंच ऐकू येतंय.

माझं गाणं 'बेबी कॅन आय होल्ड यू'. प्रेमगीत म्हणून लग्नांच्या व्हिडिओत लावतात लोक पण ते खरं तर न बोललेल्या गोष्टींचं गाणं आहे, माफी, क्षमा, प्रेम, ह्या तीन गोष्टी त्या माणसाच्या तोंडून वर्षानुवर्षं निघत नाहीत. माझ्या बाबांनी आईची माफी मागितलेली मी कधी ऐकलं नाही. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः उठून चहा करायचे, आलं घालून, आणि कप तिच्या शिलाई मशीनवर ठेवून पेपर वाचायला जायचे. आईला ते पुरायचं असं मी धरून चालले होते. हे गाणं ऐकल्यावर एकदा तिला विचारलं, तर म्हणाली चहा छानच असायचा गं पण एकदा तोंडाने म्हणायला काय हरकत होती. इतकं स्पष्ट ती कधीच बोलली नव्हती.

क्लीव्हलंडवासी

मी बरीच वर्षं अमेरिकेत ओहायोतल्या क्लीव्हलंडला राहतोय, ट्रेसीचं गाव. थोडी पार्श्वभूमी देतो म्हणजे गाणी कुठून आली ते कळेल.

हे स्टील आणि मोटारींच्या कारखान्यांचं शहर. १९५० ला लोकसंख्या नऊ लाखांच्या वर होती, १९९० पर्यंत पाच लाखांवर आली. कारखाने बंद, लोक उपनगरांत किंवा दुसऱ्या राज्यांत. मधून कायाहोगा नदी जाते, पूर्वेकडे मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्या, पश्चिमेकडे गोऱ्या, आणि ही विभागणी आजही डोळ्यांना दिसते. ट्रेसीचा जन्म १९६४ चा, आईवडील ती लहान असतानाच वेगळे झाले, आईने वाढवलं. 'अक्रॉस द लाइन्स'मध्ये शहराच्या दोन बाजू आणि मधले रेल्वेचे रूळ आहेत, ते ऐकताना इथल्या माणसाला नकाशा काढून द्यावा लागत नाही. पुढे स्कॉलरशिप मिळून ती कनेक्टिकटच्या बोर्डिंग शाळेत गेली आणि तिथून बॉस्टनजवळच्या टफ्ट्स युनिव्हर्सिटीत मानववंशशास्त्र शिकली. हार्वर्ड स्क्वेअरला रस्त्यावर गायची. टफ्ट्समधलाच एक विद्यार्थी, ब्रायन कोपेलमन, त्याने तिला ऐकलं आणि वडिलांना सांगितलं, वडील म्युझिक पब्लिशिंगमध्ये मोठे, तिथून इलेक्ट्रा रेकॉर्ड कंपनीपर्यंत वाट निघाली.

एक महत्त्वाचं, 'फास्ट कार' ही तिची स्वतःची कहाणी आहे असं लोक धरून चालतात. तिने मुलाखतीत सांगितलंय की तसं नाही, वाढताना आजूबाजूला जे कामकरी जग बघितलं त्यातून ते आलंय. @गिरणगावची, तुमच्या वडिलांसारखी माणसं ह्या शहरात गल्लोगल्ली होती. तुम्हाला ते जवळचं वाटलं ह्याचं मला जराही आश्चर्य वाटत नाही.

तिसरी_घंटा

क्लीव्हलंडवासी, छान माहिती. त्यालाच जोडून, तिचा अल्बम खऱ्या अर्थाने पसरला तो लंडनच्या वेम्बली स्टेडियममधल्या कार्यक्रमामुळे. ११ जून १९८८, नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा कार्यक्रम, मंडेला तेव्हा तुरुंगातच. ती दुपारी आपली गाणी गाऊन मोकळी झाली होती. संध्याकाळी स्टीव्ही वंडरची वेळ आली आणि ऐन वेळी लक्षात आलं की त्याच्या सिंथेसायझरची हार्ड डिस्कच जागेवर नाही, त्याशिवाय त्याला वाजवता येईना आणि तो निघून गेला. रिकामी वेळ भरायला कुणाला तरी पाठवायचं तर जिला तयारी लागत नाही तीच, म्हणून हिला परत स्टेजवर सोडलं. एक गिटार, एक माइक आणि 'फास्ट कार'. साठहून जास्त देशांत टीव्हीवर चालू होतं. ऑगस्टच्या शेवटी अल्बम अमेरिकेत एक नंबरला, आणि त्याच महिन्यात त्याच जागेवर गन्स अँड रोझेस हा दणदणीत रॉक बँड होता, म्हणजे काय वातावरण होतं बघा. पुढच्या वर्षी तीन ग्रॅमी.

लोक ह्याला नशीब म्हणतात. माझ्या मते नशिबाने फक्त स्टेज रिकामं करून दिलं. ती मोजकी मिनिटं भरून काढण्याचं काम त्या गाण्याने केलं, दुसरं कुठलंही नवीन गाणं असतं तर लोक पाणी प्यायला गेले असते.

रानवारा

आता मला 'बिहाइंड द वॉल'बद्दल लिहायचंय, अजून कुणी काढलं नाही.

एकही वाद्य नाही. नुसता आवाज, दोन मिनिटांच्या आत. भिंतीपलीकडे रात्री बाईच्या किंकाळ्या ऐकू येतात, ऐकणारी जागी आहे. पोलिसांना बोलवून उपयोग नाही, ते उशिरा येतात, आले तर. आले की म्हणतात नवराबायकोच्या घरगुती भानगडीत आम्ही पडत नाही. मग एके रात्री किंकाळी आणि मग शांतता. आणि बाहेर अॅम्ब्युलन्स. पोलीस गर्दीला म्हणतो आता घरी जा, सगळ्यांनाच झोपेची गरज आहे. बास. पुढे काय झालं ती सांगत नाही.

गाण्यात मध्ये मध्ये ती इतकी थांबते की तुम्हाला तुमच्या स्वतःच्या घरातले आवाज ऐकू यायला लागतात, पंखा, फ्रिज, शेजारचा टीव्ही. वाद्य असतं तर आपण त्याच्या आड लपलो असतो. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या आठवतात मला, सासरचा जाच बाया गाऊनच सांगायच्या आणि कुणी श्रोता समोर नसायचा, त्यामुळे नटवणं नाहीच. फरक एवढाच की ओवीत जिचं दुःख तीच गाते, इथे गाणारी शेजारीण आहे. आणि शेजारीण म्हणजे मी, तुम्ही, आपण सगळे ज्यांनी कधी ना कधी भिंतीपलीकडचं ऐकून दिवा मालवलाय. हे गाणं मला बाकी कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त छळतं.

जुनी_कॅसेट

रानवारा, अगदी. आमच्या हॉस्टेलच्या मित्राकडे अल्बम आला तेव्हा हे गाणं लागलं की खोलीत कुणी बोलायचं नाही. एकजण कायम उठून बाहेर जायचा. आम्ही कधी विचारलं नाही का ते, त्या वयात विचारायची अक्कल नव्हती आणि आता तो संपर्कात नाही.

सहा_तारा

ल्यूक कोम्ब्सच्या व्हर्जनबद्दल कुणाचं काय मत? मला आधी धास्ती होती, कंट्रीवाला बुवा, आता गाण्याचं काय करतोय. पण त्याने शब्द बदलले नाहीत. काउंटरवरची मुलगी ती मुलगीच ठेवली, पुरुष गातोय म्हणून फिरवली नाही. लहानपणी वडिलांच्या ट्रकमध्ये हे गाणं ऐकलं असं तो सांगतो आणि ते प्रेम ऐकू येतं. त्याचं व्हर्जन कंट्री रेडिओच्या यादीत एक नंबरला गेलं आणि एकटीने लिहिलेलं गाणं तिथे नेणारी ट्रेसी पहिली कृष्णवर्णीय बाई ठरली.

आणि ४ फेब्रुवारी २०२४ च्या ग्रॅमीत दोघांनी मिळून गायलं ते बघितलं नसेल तर आधी बघा. कॅमेरा सुरुवातीला फक्त बोटांवर आणि गिटारवर, रिफ सुरू होते, मग चेहरा दिसतो, केस पांढरे झालेले, आणि ती हसते. ती वर्षानुवर्षं स्टेजपासून लांब होती. कोम्ब्स तिच्याकडे बघत प्रत्येक ओळ ओठांनी म्हणतोय, स्वतःची पाळी नसतानाही. मी क्लासमध्ये पोरांना दाखवतो ते.

गिरणगावची

बघितलं. ती हसली ते मला फार आवडलं. त्या गाण्यातली मुलगी साठीला पोचली आणि बरी आहे असं काहीतरी मनात आलं, गाणं तिचं स्वतःचं नाही हे माहीत असूनसुद्धा.

अबोली७

आता एक प्रश्न, मुलीला पहिल्यांदा ऐकवायचाय, तिचं वय सोळा. 'बिहाइंड द वॉल' आत्ता ऐकवू का नंतर?

रानवारा

@अबोली७, ऐकव. सोळाव्या वर्षी मुलींना भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत असतं, फक्त त्यावर कुणी त्यांच्याशी बोलत नाही. पण तू बरोबर बस, इअरफोनवर एकटीला देऊ नको. आणि गाणी उलटसुलट करू नको, क्रमाने जाऊ दे, त्याच्या मागोमाग 'बेबी कॅन आय होल्ड यू' येतं ते मुद्दाम ठेवलंय असं मला वाटतं. शेवटचं 'फॉर यू' संपेपर्यंत बंद करू नको, परत फक्त गिटार आणि आवाज आहे, आणि इतकं सगळं बोलून झाल्यावर तिथे ती कबूल करते की तुझ्याबद्दल जे वाटतं ते सांगायला शब्द नाहीत. २०२५ मध्ये अल्बम विनाइलवर परत काढलाय, प्लेअर असेल तर तोच घे. ऐकून झालं की मुलगी काय म्हणाली ते इथे लिही, आम्ही वाट बघतोय.